मरिया, मरियम आणि आपला आळस

बंगळुरूच्या शिवाजीनगरात सेंट मेरीज बॅसिलिका आहे. दर वर्षी ८ सप्टेंबरला तिथे मरियामातेच्या जन्माचा सण होतो. मूर्तीला साडी नेसवलेली असते, रथ निघतो, भगव्या कपड्यांतले भाविक दुरून येतात आणि त्या गर्दीत फक्त ख्रिस्ती नसतात. जवळच रसेल मार्केट, आसपास मशिदी, मधल्या गल्ल्यांत उर्दू, तमिळ आणि कन्नड एका दमात बोलणारे दुकानदार. वस्तीचे नाव मात्र शिवाजीनगर.

२०२५ च्या सणात मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी इथल्या नव्या मेट्रो स्थानकाला सेंट मेरीचे नाव देण्याची शिफारस करण्याचे आश्वासन दिले आणि महाराष्ट्रात गदारोळ उठला. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीसांनी हा छत्रपती शिवाजी महाराजांचा अपमान असल्याचे म्हटले. पुढचा आठवडाभर इथल्या मराठी मंडळींच्या फोनवर दुसरा विषय नव्हता. स्थानकाला वस्तीचेच नाव असावे असे माझे मत आहे आणि ते सांगून मी हा वाद बाजूला ठेवतो. कारण त्या आठवड्यात मला खटकले ते वेगळेच होते.

त्या चर्चेत दोन वाक्ये पुन्हा पुन्हा ऐकली. पहिले, 'ख्रिस्ती काय, मुसलमान काय, एकाच माळेचे मणी.' हे रागाचे वाक्य. दुसरे, 'अहो, मेरी काय, मरियम काय आणि आपली देवी काय, शेवटी सगळे एकच.' हे सौजन्याचे वाक्य. पहिले बोलणाऱ्यांशी वाद घालणारे पुष्कळ आहेत. माझे भांडण दुसऱ्या वाक्याशी आहे, कारण ते आपले आहे. आपण म्हणजे पुस्तके वाचणारी, चार भाषांत वावरणारी, स्वतःला उदार समजणारी माणसे. माझे म्हणणे असे की ही दोन्ही वाक्ये एकाच अज्ञानातून येतात. एक शिवी देऊन वाचनातून सुटका करून घेते, दुसरे नमस्कार करून.

मी ख्रिस्ती नाही, मुसलमानही नाही. माझ्या घरात देव्हारा आहे. तेव्हा यापैकी कोण बरोबर याचा निवाडा मी करणार नाही. दोघे काय म्हणतात एवढेच नीट मांडू या. दोन्ही घरांत आतले पंथ आणि मतभेद आहेत; मी बहुसंख्यांच्या परंपरेबद्दल बोलतो आहे.

मरियेपासूनच सुरुवात करू. कुराणात नावानिशी आलेली स्त्री एकच, ती मरियम. एकोणिसाव्या सूरेला तिचे नाव आहे. पुरुषाच्या स्पर्शाविना तिला मूल झाले, हे बायबल सांगते आणि कुराणही सांगते. इथवर 'सगळे एकच' म्हणणाऱ्याला आनंद व्हावा. पण कथा पुढे वाचा. लूकच्या शुभवर्तमानात बाळ बेथलेहेममध्ये गव्हाणीत ठेवले जाते आणि मेंढपाळ बघायला येतात. कुराणातली मरियम एकटीच खजुराच्या झाडाखाली कळा सोसते. ती बाळ घेऊन लोकांत परतते तेव्हा लोक तिच्यावर आळ घेतात, आणि पाळण्यातले बाळ आईच्या बाजूने बोलू लागते. त्या बाळाचे पहिले सांगणे काय, तर आपण देवाचे सेवक आहोत. हा तपशील सहज आलेला नाही. ज्याला ख्रिस्ती देवाचा पुत्र म्हणतात त्याच्याच तोंडून कुराण ते नाते पहिल्या क्षणी नाकारते. एकाच आईची, एकाच बाळाची गोष्ट आणि तिच्या गाभ्यातच नकार. ज्याला हे दिसले नाही त्याने दोन्हींपैकी एकही गोष्ट वाचलेली नाही.

आता येशू. मुसलमान त्याला ईसा म्हणतात आणि नावापुढे सलाम जोडतात. तो मसीहा आहे, त्याने आंधळ्यांना दृष्टी दिली, मेलेल्यांना देवाच्या आज्ञेने उठवले, हे त्यांना मान्य आहे. शेवटच्या काळात तो परत येईल अशी परंपराही आहे. दमास्कसच्या उमय्या मशिदीच्या एका मिनाराला त्याचे नाव आहे. इतका आदर देऊन इस्लाम एका जागी थांबतो, तो क्रूसापाशी. चौथ्या सूरेत म्हटले आहे की त्याला मारलेही नाही आणि क्रूसावरही चढवले नाही, लोकांना तसे भासले आणि देवाने त्याला आपल्याकडे उचलून घेतले. आपला प्रेषित असा अपमानाने मरू देईल तो देव कसला, असा त्यामागचा विचार आहे.

ख्रिस्ती माणसासाठी नेमके तेच मरण सर्वस्व आहे. ते काढले तर येशू एक चांगला उपदेशक उरतो आणि चर्चची इमारत खाली येते. माणूस पापात इतका रुतला आहे की तो स्वतःहून वर येऊ शकत नाही, म्हणून देवच खाली उतरला, सोसले, मेला आणि उठला. इस्लामला या बलिदानाची गरज नाही, कारण निदानच वेगळे आहे. आदम चुकला, त्याने क्षमा मागितली, ती मिळाली, प्रकरण मिटले. वारशाने पाप येत नाही, तेव्हा दुसऱ्याने ते फेडण्याचा प्रश्न नाही. प्रत्येकाने आपला हिशेब द्यायचा, आणि देव दयाळू आहे. एकाच्या दृष्टीने देवाचे मोठेपण खाली उतरण्यात आहे, दुसऱ्याच्या दृष्टीने कशातही न गुंतण्यात. या दोन उत्तरांमुळे दोन वेगळ्या प्रार्थना, दोन वेगळे मृत्यू, दोन वेगळी अपराधीपणाची भाने तयार होतात. 'सगळे एकच' म्हणताना आपण हे सगळे पुसतो.

देवाबद्दलही असेच. अरब ख्रिस्ती प्रार्थनेत 'अल्लाह' म्हणतात, अरबी बायबलात तोच शब्द आहे. तेव्हा दोघांचे देव वेगळे असे शब्दावरून तरी म्हणता येत नाही. दोघेही अब्राहमाच्या, म्हणजे इब्राहीमच्या देवाकडे बोट दाखवतात. पण बोट दाखवून झाल्यावर बोलायला लागतात तेव्हा वाटा फुटतात. ३२५ साली नायसियाच्या परिषदेत चर्चने ठरवले की पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा आहे, निर्माण केलेला नाही. पुढे पवित्र आत्म्यासह त्रैक्याचा सिद्धांत पक्का झाला. कुराणातली चार छोट्या आयतींची इख्लास ही सूरा देवाला अपत्य आणि जन्मदाता दोन्ही नाकारते. पाचव्या सूरेत ईसा आणि त्याची आई यांना देव मानण्याबद्दल थेट सवाल आहे. यावर ख्रिस्ती म्हणतात, मरियेला आम्ही त्रैक्यात कधी धरलेच नाही. मुसलमान म्हणतात, पुत्राला धरले एवढे पुरेसे आहे. हा खरा वाद आहे. तो चौदाशे वर्षे चालू आहे, कारण दोघांनाही त्याचे महत्त्व कळते.

मराठी वाचक इथे कसा घसरतो हे मी अनेकदा पाहिले आहे. त्रैक्य म्हटले की तो त्रिमूर्ती आठवतो. देव माणूस झाला म्हटले की अवतार आठवतो. पण अवतार अनेक होतात. ख्रिस्ती माणसाच्या मते हे एकदाच झाले, इतिहासातल्या एका रोमन सुभेदाराच्या काळात. पैगंबर म्हटले की आपल्याला संत आठवतात. पण संत स्वतःला आलेला अनुभव सांगतो, आणि मुसलमानाच्या मते पैगंबर स्वतःचे काही सांगतच नाही. नवी गोष्ट समजून घ्यायला जुन्या शब्दाचा आधार लागतो हे मान्य. आधार घेऊन पुढे जायचे असते. आपण त्या शब्दावरच बसकण मारतो.

ग्रंथांच्या बाबतीत आपला गोंधळ सर्वांत मोठा आहे. हिंदूंची गीता, ख्रिस्त्यांचे बायबल, मुसलमानांचे कुराण, अशी तीन पुस्तके आपण शपथेसाठी मांडल्यासारखी शेजारी मांडतो. बायबल म्हणजे एक पुस्तक नव्हेच. प्रोटेस्टंटांकडे ६६ आणि कॅथलिकांकडे ७३ पुस्तकांचा तो संग्रह आहे, अनेक शतकांत, अनेक हातांनी लिहिलेला. येशू बोलत होता अरामी आणि शुभवर्तमाने आहेत ग्रीकमध्ये. म्हणजे ख्रिस्ती धर्म पहिल्या पिढीपासून भाषांतरावर उभा आहे. म्हणून विल्यम कॅरीला सेरामपूरहून १८११ साली मराठी 'नवा करार' काढताना धर्मसंकट पडले नाही. म्हणून पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खे बायबल आणले, आणि वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी पुन्हा 'सुबोध बायबल' केले. तिन्ही बायबलेच.

कुराणाचे तसे नाही. मुसलमानाच्या श्रद्धेनुसार ते देवाचे शब्दशः बोलणे आहे, सुमारे तेवीस वर्षांत अरबीतून उतरलेले. मराठीत आणले की तो अर्थ झाला, कुराण नाही. म्हणून रत्नागिरीचा कोकणी मुसलमान घरी मराठी-कोकणी बोलला तरी नमाज अरबीतच पढतो. बायबलाशेजारी कुराण ठेवणे हीच मुळी चुकीची जोडी आहे. अभ्यासकांनी हे पूर्वीच दाखवून दिले आहे की कुराणाच्या जोडीला बसतो तो खुद्द येशू. योहानाच्या शुभवर्तमानात देवाचा शब्द माणूस होऊन येतो. इस्लाममध्ये देवाचा शब्द ग्रंथ होऊन येतो. गंमत अशी की कुराणही ईसाला देवाचा शब्द म्हणते, पण त्याचा अर्थ देवाच्या आज्ञेने जन्मलेला एवढाच घेतला जातो.

यातून एक संभाषण पिढ्यान्‌पिढ्या फसत आले आहे. मुसलमान विचारतो, ईसाला जो इंजील दिला तो कुठे आहे? ख्रिस्ती चार शुभवर्तमाने पुढे करतो. मुसलमान म्हणतो, ही तर इतरांनी लिहिलेली, मूळ बदलले गेले आहे. ख्रिस्ती गोंधळतो, कारण त्याच्या मते येशूने पुस्तक आणलेच नव्हते. तो आला हीच वार्ता होती. दोघे एकाच शब्दावर भांडतात आणि दोन वेगळ्या वस्तूंबद्दल बोलतात. जे नियतकालिक भाषांतरावर जगते त्याच्या वाचकांना तरी यात रस वाटायला हवा. भाषांतर शक्य आहे का, या आपल्या रोजच्या प्रश्नावर दोन मोठ्या परंपरांनी दोन उत्तरे दिली आणि त्यांवर आयुष्ये बेतली.

आणि हा गोंधळ आपल्या मराठीतच बसलेला आहे. 'प्रेषित' हा शब्द घ्या. मुसलमान मराठीत प्रेषित मुहम्मद म्हणतो, म्हणजे देवाने पाठवलेला. मराठी बायबलात 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक आहे. तिथे प्रेषित म्हणजे येशूने पाठवलेले शिष्य, आणि मुसलमानाला अभिप्रेत असलेल्या अर्थाला ख्रिस्ती मराठीत शब्द आहे 'संदेष्टा'. तेव्हा येशू प्रेषित आहे असे मुसलमान आदराने म्हणतो आणि ख्रिस्ती ऐकतो की येशूला त्याच्याच चाकरांच्या रांगेत बसवले. दोघे मराठी, शब्द एक. सगळे एकच आहे, नाही का?

यावर मला तीन उत्तरे मिळतात.

पहिले म्हणजे भेद उकरले की भांडणे होतात. १८५४ च्या एप्रिलमध्ये आग्र्याला पाद्री फँडर आणि मौलाना रहमतुल्ला कैरानवी यांचा दोन दिवस जाहीर वाद झाला आणि त्यातून कटुताच वाढली, हे खरे. पण त्या वादात फँडर फारसी-अरबी जाणत होता, आणि कैरानवींचे सहकारी डॉक्टर वझीर खान युरोपातली बायबल-चिकित्सा वाचून आले होते. दोघांना जिंकायचे होते, हा दोष होता. दोघांनी एकमेकांची पुस्तके वाचली होती, हा गुण. आपण दोष टाळताना गुणही टाकला. स्पष्ट बोलूनही सलोखा राहू शकतो याचे उदाहरण व्हॅटिकनचे १९६५ चे इतर धर्मांविषयीचे निवेदन आहे. मुसलमान येशूला देव मानत नाहीत हे त्यात उघड लिहिले आहे, आणि ते त्याला पैगंबर मानतात व मरियेचा मान राखतात हेही. २००७ साली १३८ मुस्लिम विद्वानांनी ख्रिस्ती धर्मगुरूंना जाहीर पत्र लिहिले तेव्हा देवावरचे आणि शेजाऱ्यावरचे प्रेम हा समान धागा मांडला, पण एकेश्वरवाद तसूभरही सोडला नाही. ज्यांचे मतभेद आहेत ते बोलू शकतात. आपले कोणाशी मतभेदच नाहीत, म्हणून आपले कोणाशी बोलणेही नाही.

दुसरे उत्तर विनोबांचे नाव घेऊन येते. विनोबांनी 'कुराणसार' केले, 'ख्रिस्तधर्मसार' केले. साने गुरुजींनी इस्लामी संस्कृतीवर लिहिले. या माणसांसमोर मी मान झुकवतो. कुराण मुळातून वाचता यावे म्हणून विनोबा अरबी शिकले. त्यांनी आधी सगळे वाचले, मग निवडले. आपण त्यांची निवडही वाचत नाही आणि निष्कर्ष तेवढा उचलतो. शिवाय सार काढण्याची एक मर्यादा आहे. उपदेशाचे सार निघते, घटनेचे निघत नाही. येशू क्रूसावर मेला की नाही, याचे सार काय काढणार?

तिसरे उत्तर सर्वांत गोड, श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचे. 'योगसंग्राम' लिहिणारा हा मुसलमान वारकऱ्यांचा संत झाला, मग भेद उरला कुठे? पण शेख महंमदांनी दोन्ही वाटा पायाखाली घातल्या होत्या. ते जिथे पोचले तिथे चालत गेले. त्याच सतराव्या शतकात, १६१६ साली, थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे मराठी 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. त्याने आपली ओवी घेतली, पुराण हा शब्द घेतला, स्वर्गाला वैकुंठ म्हटले, पण क्रूस जिथला तिथे ठेवला. एकाने वाटा जुळवल्या, दुसऱ्याने वेगळ्या राखल्या. दोघांनाही वाटा ठाऊक होत्या.

आता यात पणाला काय लागले आहे ते सांगतो. सगळे एकच असेल तर एका धर्मातून दुसऱ्यात कोणी का जाईल? उत्तर आपोआप तयार होते, की पैशासाठी, नोकरीसाठी किंवा फसवणुकीमुळे. कर्नाटकात २०२२ साली धर्मांतरविरोधी कायदा झाला, त्यात प्रलोभन हा शब्द ठळक आहे. २०२३ साली नव्या मंत्रिमंडळाने तो मागे घेण्याचे ठरवले. महाराष्ट्रातही अशा कायद्याची मागणी होत राहिली आहे. फसवणूक झाली तर शिक्षा व्हावीच. पण श्रद्धेने, विचाराने, रात्र रात्र जागून कोणी देव बदलू शकतो, ही शक्यताच आपल्या सौजन्याच्या वाक्यात शिल्लक नाही. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडात ख्रिस्ती झाल्या, पुढे तिथल्याच धर्मभगिनींशी त्रैक्यावरून पत्रांतून कडाक्याचा वाद घालत राहिल्या. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि घर मोडता मोडता वाचले. यांना कोणी काय आमिष दाखवले होते? त्यांना दोन गोष्टींत फरक दिसला. ज्याला फरक दिसतच नाही त्याला ही माणसे लोभी किंवा भोळी वाटणार, आणि त्याच्या हातून, अगदी हसतमुखाने, पहिल्या वाक्यातल्या रागाला खतपाणी मिळणार.

दोघेही बरोबर आहेत असे म्हणताना आपण खरे तर दोघांनाही सांगतो की तुमचे म्हणणे तुम्हालाच कळलेले नाही, ते आम्हाला कळले आहे. याला मी आदर म्हणत नाही. शेजारी काय मानतो हे ऐकून घ्यावे, ते आपल्याला पटत नसेल तर तसे सांगावे, आणि मग त्याच्या सणाला जावे. इतके जमले तरी पुरे.

शिवाजीनगरच्या स्थानकाला नाव कोणतेही पडो. तिथे उतरणाऱ्या मराठी माणसाने एकदा लूकचे पहिले दोन अध्याय आणि कुराणाची एकोणिसावी सूरा मराठीतून, एका बैठकीत वाचावी. तासाभराचे काम आहे. मग ८ सप्टेंबरच्या गर्दीत शेजारी उभ्या असलेल्या बुरख्यातल्या बाईने मूर्तीकडे पाहून हात का जोडले नाहीत, आणि तरीही ती तिथे का आली आहे, हे विचारण्याइतके त्याच्याकडे काहीतरी असेल.